पितळेची पट्टी

ताई, मी मूळचा भुसावळकडचा, वडील काडतुसांच्या कारखान्यात फिटर, मीपण तिथंच शिकलो, आणि आमचे वस्ताद म्हणायचे, सगळी विद्या देऊ नये, शेवटची गाठ आपल्याकडं ठेवावी. बाकीचं विसरलो असेन, तेवढं विसरलो नाही बघा.

इथं परदेशात आलो, तुआसच्या कारखान्यात आम्ही सरावाच्या गोळ्यांच्या वापरलेल्या पुंगळ्या परत भरायचो. पुंगळ्या वरनं नळीतनं एकेक खाली येतात, खालचा दांडा त्यांना पुढं ढकलतो. आमच्या मशीनची नळी जराशी वर बसलेली, मग पुंगळी आडवी व्हायची, चेचायची, की मशीन बंद. इंजिनिअरांनी स्प्रिंग बदलली, नळी पुसली, काय सांगू तुम्हाला, काही केल्या जमेना. मी नळीला हात लावून बसलो तेव्हा कळलं. पितळेची पातळ पट्टी नळीच्या पकडीत वरनं सारली, नळी खाली बसली, मशीन सुरळीत.

पाळी सुटली की पट्टी काढून खिशात. दुसऱ्या पाळीला सेल्वम. मदुराईचा, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, मला अण्णा म्हणायचा. त्याच्या पाळीत रोज अडकायचं.

मॅनेजर म्हणाला, मशीन तेच, याचं चालतं, तुझं का नाही, आणि पास, म्हणजे इथं राहून काम करायचा परवाना, एकाचाच वाढणार. सेल्वमनं मला कॅन्टीनमध्ये धरलं, मोडक्या हिंदीत म्हणाला, अण्णा, माझं काय चुकतंय, सांग ना. मी म्हणलं, तुझा हात जड आहे. तर तो येडा चहाचा कप हळू उचलायची सवय करायला लागला, खरंच सांगतो, दोन बोटांनी, आणि मी समोर बसून हसायचो. मला मजा वाटायची. खोटं कशाला बोलू?

त्याचा पास गेला. मी राहिलो, पोरगी इथं शिकली, इथंच सेरंगूनला घर झालं. आता ते मशीनपण मोडीत गेलं.

दर दिवाळीला त्याचा फोन येतो. गावात कुणी मशीनला हात लावू देत नाही म्हणतो, जड हाताचा म्हणून. आणि विचारतो, अण्णा, त्या मशीनचं दुखणं सापडलं का रे? मी म्हणतो, नाही बाबा. पट्टी अजून माझ्या पाकिटात आहे, ही बघा.

फोन ठेवताना तो म्हणतो, देव तुझे हात असेच राखो.

राखलेत ना देवानं.