टाच बाहेर फिरवायची

—नाही नाही, ते नका घेऊ, ते पोस्टमनच्या सायकलला लावतात. बसा असे स्टुलावर. क्लिपवालं पेडल हवंय ना तुम्हाला? मग नीट ऐका. बुटाच्या तळाला ही पट्टी, ती पेडलमध्ये खट्‌कन बसते, आणि सुटायचं असेल तेव्हा टाच बाहेर फिरवायची. झालं. एवढंच. लोक उगाच बाऊ करतात. —पडतात का? पडतात की. नवशिके पडतात. इथं बेल्जियममध्ये, आपल्या फ्लँडर्समध्ये पोरं चालायच्या आधी सायकल शिकतात, इथं कोण पडतंय — गेंट शहरातून शनिवारी येतात ना, झुळझुळीत जर्सी घालून, ते पडतात. तुम्ही गेंटचे? असू दे.

हे बघा, इथं स्क्रू आहे, स्प्रिंगचा. आवळला की बूट घट्ट, सैल केला की सहज सुटतो. मी काय म्हणतो, आवळायचा. पूर्ण. सैल स्प्रिंग ठेवायची तर घरी बसून शिवणाचं मशीन चालवावं माणसानं. माझी बायको, लीव्हा, तिचं बरोबर उलटं. तिनं दोन्ही बाजूंनी बूट बसणारं, शिकाऊ पेडल घेतलं आणि तेही सैल. परसातल्या भिंतीला धरून टाच आत-बाहेर, आत-बाहेर करत बसायची. मी हसायचो. गिऱ्हाइकांना खिडकीतून दाखवायचो. ती म्हणायची, "आर्नाउट, अर्धा फेरा तरी सैल कर रे. चढावर थांबलास तर?" मी म्हटलं, चढावर मी थांबत नसतो.

—हो, थांबलो. एकदाच. एप्रिलमध्ये, आमच्या सायकल क्लबाच्या फेरीत, चर्चमागचा तो दगडी चढ. रात्री पाऊस पडलेला, दगड साबणासारखे, पुढे कुणाचं तरी चाक घसरलं आणि सगळी रांग तुंबली. मी टाच फिरवली — फिरेना. पुन्हा फिरवली. आणि मग हळूऽऽ, अगदी निवांत, झाड तोडल्यावर आडवं होतं ना, तसा आडवा झालो. पाय दोन्ही पेडलला तसेच. उलट्या झुरळासारखा. वर कॅफेवाला ओडिल, खाली पर्यटक, सगळे फोन काढून. शेवटी ओडिलनं येऊन बुटांचे पट्टे उघडले, पाय बाहेर ओढले. बूट सायकललाच राहिले. ओल्या दगडांवरून मोज्यांवर चालत घरी गेलो. तो फोटो त्यानं गल्ल्यामागच्या भिंतीवर लावलाय. मी जात नाही तिथं आता — फोटोमुळे नाही हो, बिअर पाणचट देतो तो हल्ली.

आणि लीव्हा? तिनं काय, खट्‌ करून एक पाय काढला, टेकवला, उभी राहिली. मला सोडवल्यावर पुन्हा चढली आणि न उतरता वर पोचली. क्लबातले टाळ्या वाजवतायत. मग संध्याकाळी सगळे जमले तेव्हा त्यांनी मला विचारलं, काय रे, तू दुकानदार आणि तूच? आता सांगायला तर हवं काहीतरी. मी म्हटलं, लीव्हाचं चाक मागून माझ्या चाकाला लागलं. लागतं असं. गर्दीत लागतंच. ती तर पार खाली होती, तिला कसं — म्हणजे, जवळच होती. तशी जवळच.

ती तिथंच बसली होती, बटाट्याच्या कापांची बशी पुढ्यात. माझ्याकडे बघितलं तिनं. मला वाटलं, आता उठून सांगणार. तर म्हणाली, "हो, लागलं असेल माझंच." आणि कापं खात राहिली. सगळी संपवली.

मला काय, बरंच वाटलं. प्रकरण मिटलं. पुढच्या रविवारी ती शेजारच्या गावातल्या बायकांच्या क्लबात गेली. म्हणाली, तिकडचा रस्ता चांगला आहे. कसला डोंबलाचा चांगला, डुकरांच्या गोठ्यांवरून जातो. आता गुरुवारीही जाते. गेल्या महिन्यात तर फ्रान्सच्या डोंगरात जाऊन आली, उन्हानं काळी होऊन. घरात भांडण म्हणाल तर नाही. जेवण होतं, दिवे लागतात, "मीठ दे" म्हटलं की मीठ मिळतं. भांडली असती तर बोललो तरी असतो काही.

—मी? मी नाही जात सध्या. गुडघा. —कुठला म्हणजे? हा. डावा. ऋतू बदलला की दुखतो.

तर मग हे घ्या, घट्टवालं, तुमच्या मापाचं आहे. —काय? तिच्यासारखं? अहो, तुमच्यासारख्या उंचापुऱ्या माणसाला ते — बरं. बरं. तुमचे पाय. खालच्या कप्प्यात आहे, निळ्या खोक्यात. —सैल करून? करतो. द्या इकडे.

—तिला काय सांगितलं का? काय सांगायचं? —चाकाचं? चुकलो म्हणून? तुम्ही पेडल घ्यायला आलात का आमच्या घरात नाक खुपसायला? मला दुपारी दुकान बंद ठेवायचं असतं, ती जेवायला येते. आजच येते असं नाही, पण येते कधी कधी. घ्या तुमचं खोकं. आणि जाताना दार ओढून घ्या.