पाच वॅटचे वॉकीटॉकी

माह्या साळ्याचं नाव काढू नका बाप्पा, डोकं फिरते. पांढरकवड्याकडच्या आमच्या वावरात वाघ फिरून राह्यला, मोबाईलले रेंज नाही. म्हणून कापूस वेचणाऱ्या बायांसाठी वॉकीटॉकी आणाले याले धाडलं. बजावलं, "अर्ध्या वॅटचेच आण, त्याले लायसन लागत नाही."

हा पाच वॅटचे घेऊन आला. म्हणे, दूरवर ऐकू जाते.

गेलं ना दूरवर. पोलिसांच्या वायरलेसवर. ते वावरातच आले, "लायसन दाखवा."

हा म्हणते, "साहेब, आमी हळूच बोलतो ना."

सेट जप्त झाले, बाया घरी गेल्या, कापूस झाडालेच.

मी म्हटलं, "आता वावराच्या बांधावर, धुऱ्यावर उभा राह्य अन् वाघ दिसला का बोंबल. बोंबलाले लायसन लागत नाही."