चारी चाकं

टॉर्किल : मी गाडी वायपर बदलायला दिली होती, इशबेल. वायपर. आणि तू चारी चाकं काढून बसलीयस.

इशबेल : वायपर बदललाय. चाकांचं वेगळं आहे.

टॉर्किल : आणि कोपऱ्यातले हे नवेकोरे चार कुणाचे?

इशबेल : तुमचे. हिवाळी टायर आहेत. तुमच्याच मापाचे.

टॉर्किल : म्हणजे आता बापालाच गिऱ्हाईक करतेस. पोस्टातला ह्यूई परवा म्हणालाच, तुझी पोरगी अख्ख्या गावाला हे टायर घ्या म्हणून सांगते, पण तिच्या बापाच्या गाडीला नाहीत, तेव्हा त्यात काही अर्थ नसणार. मी नुसता हसलो.

इशबेल : हसा. पण जरा मागे सरकून हसा, डोक्यावर गाडी आहे.

टॉर्किल : अगं, तीस वर्षं या खिंडीतला बर्फ काढला मी. लोक न्याहारीला बसायच्या आत रस्ता मोकळा असायचा. माझ्यामागून डॉक्टर जायचा, शाळेची गाडी जायची, एकदा तर मॅकरेंच्या म्हातारीची शवपेटी गेली. कुणाच्या गाडीला होते असले टायर? डिकीत वाळूचं पोतं, एक फावडं आणि डोक्यात थोडी अक्कल. एवढ्यावर भागायचं.

इशबेल : त्या सगळ्यांच्या पुढे तुमची दहा टनांची गाडी असायची, बाबा. रस्ता खरवडत, मीठ टाकत. आता मिठाची गाडी आपल्या फाट्यावर दहाला येते. तुम्ही एफीमावशीला हॉस्पिटलला घेऊन सातला निघता.

टॉर्किल : वर्षात बर्फ पडतो किती दिवस? दहा? बारा? बाकी नुसता पाऊस. तेवढ्यासाठी चार काढा, चार घाला, काढलेले शेडमध्ये मेंढ्यांच्या गवतावर रचून ठेवा. कुणी सांगितलेत हे उद्योग?

इशबेल : प्रश्न बर्फाचा नाहीच, थंडीचा आहे. पारा सात अंशांच्या खाली गेला की साध्या टायरचं रबर घट्ट होतं. हा तुमचा जुना. दाबा अंगठ्यानं. आता हा नवा दाबा.

टॉर्किल : मऊ लागतो.

इशबेल : गारठ्यातही मऊच राहतो. म्हणून नुसता ओला रस्तासुद्धा धरून ठेवतो. आता तुम्हीच सांगा, नोव्हेंबर ते मार्च इथं कुठल्या सकाळी पारा सातच्या वर असतो?

टॉर्किल : बरं, मग असं कर. पुढचे दोन घाल. गाडी ओढतात ती पुढचीच चाकं. तुझंही राहील, माझंही राहील.

इशबेल : नाही. नुसते पुढचे घातले आणि उतारावर ब्रेक दाबला, तर गाडीची मागची बाजू पुढे यायला बघेल. घालायचे तर चारी. बाबा, गाडी चढते कशी हे सगळे बघतात, थांबते कशी हे कुणी बघत नाही.

टॉर्किल : माझी गाडी थांबते.

इशबेल : जानेवारीत नव्हती थांबली.

टॉर्किल : जानेवारीत काय?

इशबेल : पुलाअलीकडच्या वळणावर. कुंपणाला जाऊन टेकली तेव्हा थांबली. कुंपणापलीकडे नदी आहे.

टॉर्किल : तो बंपर म्हणतेस? मेंढा आडवा आला होता. सांगितलं होतं मी तुला.

इशबेल : सांगितलंत. आणि मीही बंपर सरळ करून दिला, पुढे काही विचारलं नाही. मेंढा आलाच नव्हता.

टॉर्किल : गाडीत आम्ही दोघंच होतो. मी आणि एफी.

इशबेल : हो.

टॉर्किल : म्हणजे एफी बोलली. आश्चर्य आहे. शाळेत तिच्याशेजारी बसायचो मी. मास्तरांची छडी खाल्ली, पण कधी कुणाचं नाव सांगितलं नाही तिनं.

इशबेल : चहाडी करायला नव्हती आली. गेल्या गुरुवारी बसनं आली, एकटी. या स्टुलावर बसली आणि पाच मिनिटं नुसता श्वास घेतला. मग म्हणाली, टॉर्किलच्या गाडीसाठी चार चांगले हिवाळी टायर मागव, माझ्या नावावर. काहीतरी निमित्त काढून बसव आणि त्याला कळू देऊ नकोस.

टॉर्किल : हे तिनं मागवलेत?

इशबेल : मी म्हटलं, मावशी, नवे टायर माणसाच्या नजरेला पडतात. तर म्हणाली, पुरुषाच्या नाही पडत.

टॉर्किल : म्हणजे माझ्या गाडीत बसायला भीती वाटते तिला. मग तसं सरळ सांगायचं. हॉस्पिटलची गाडी असते, तिनं जावं. माझं काही म्हणणं नाही. मी काय हौसेनं उठतो होय सहाला?

इशबेल : बाबा, अजून एक आहे. सांगणार नाही असं कबूल केलं होतं मी तिला.

टॉर्किल : मग नको सांगू.

इशबेल : सांगते. त्या वळणानंतरच्या पंधरवड्यात तिनं तीनदा तुम्हाला सकाळीच फोन केला, आज येऊ नकोस म्हणून. आठवतंय?

टॉर्किल : आठवतंय तर. दोनदा पोट बिघडलं, एकदा गुडघा. चिडलो होतो मी. म्हटलं, डायलिसिस म्हणजे काय चर्चमधलं विणकाम आहे, जमलं तर जायचं? पण ऐकेल तर ती एफी कसली.

इशबेल : त्या तिन्ही सकाळी रस्ता गोठून काच झाला होता. ती खिडकीतून बघायची आणि मग फोन करायची.

टॉर्किल : तिन्ही सकाळी?

इशबेल : हो.

टॉर्किल : आणि त्यानंतरच तिला हॉस्पिटलात न्यायला ते हेलिकॉप्टर आलं.

इशबेल : हो, बाबा.

टॉर्किल : फुप्फुसात पाणी झालं होतं. डॉक्टरनं विचारलं, खाडे कसे पडले? मीच सांगितलं त्याला, इशबेल. तिच्या पलंगापाशी उभा राहून सांगितलं, की बाई हट्टी आहे, मनाला येईल तेव्हा चुकवते. ती ऐकत होती. नाकाला नळी, डोळे उघडे.

इशबेल : गुरुवारपासून मलाही धड झोप नाही. बंपर माझ्या हातात होता. मेंढ्याची लोकर असते चिकटलेली, रक्त असतं. तिथं कुंपणाच्या लाकडाची ढलपी होती. मला तेव्हाच विचारता आलं असतं. तुम्हाला काय वाटेल म्हणून गप्प बसले.

टॉर्किल : सगळेच माझी मर्जी सांभाळत बसलात तर. गाडी खाली घे.

इशबेल : बाबा, ऐका जरा.

टॉर्किल : अगं, चाकं लावून खाली घे. नवी. चारी. आणि तो फोन दे इकडं.

(इशबेल टायरचं यंत्र बंद करते आणि फोन त्याच्या हातात देऊन बाहेर जाते. पलीकडे बराच वेळ घंटी वाजते.)

एफी : कोण आहे? लवकर बोला, लापशी करपतेय.

टॉर्किल : मी आहे.

एफी : आज मंगळवार. आज तुझा वार नाही.

टॉर्किल : एफी, जानेवारीत तुझं पोट बिघडलं होतं का?

एफी : त्या पोरीच्या तोंडात तीळ म्हणून भिजत नाही.

टॉर्किल : बिघडलं होतं का?

एफी : नाही.

टॉर्किल : आणि गुडघा?

एफी : गुडघा खरा. पण तो रोजच दुखतो.

टॉर्किल : एक शब्द टाकायचा होतास. टॉर्किल, भीती वाटते. एवढंच. जिवावर बेतलं तुझ्या.

एफी : आणि मग तू काय केलं असतंस?

टॉर्किल : गाडीची किल्ली इशबेलला दिली असती.

एफी : तेच. तुझी बायको उना गेली तेव्हा तू दीड वर्ष दाढी करायचं विसरला होतास. दुकानात यायचास आणि काय घ्यायचं ते न आठवून परत जायचास. मग माझ्या दोन्ही किडन्या बसल्या, आणि सोमवार, बुधवार, शुक्रवार तू दाढी करून माझ्या दारात. मधल्या दिवशी गाडी धुतोस. सगळं दिसतं मला इथून. म्हटलं, माझ्या किडन्या बसल्या म्हणून हा उभा राहिलाय, याला परत कशाला पाडा.

टॉर्किल : चुकलं तुझं.

एफी : चुकलं. हेलिकॉप्टरमध्ये कळलं, पण तिथं आवाज इतका, की धड पश्चात्तापही करता येत नाही.

टॉर्किल : डॉक्टरसमोर मी तुला हट्टी म्हणालो.

एफी : ते काही खोटं नव्हतं.

टॉर्किल : थट्टा नको. माफ कर मला.

एफी : केलं.

टॉर्किल : आणि त्या वळणावर, एफी, मीही घाबरलो होतो. पाय ब्रेकवर आणि गाडी आपली चाललीय. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. नंतर गाडी परत सुरू करायचा धीर होईना, म्हणून उतरून कुंपण बघत राहिलो.

एफी : ते कळलं मला. कुंपण बघायला एवढा वेळ लागत नाही.

टॉर्किल : इशबेल टायर बसवणार आहे. माझी गाडी, माझे टायर. त्यावर वाद नको.

एफी : दोन तुझे, दोन माझे. त्यावर वाद नको.

टॉर्किल : बरं. पण पुढचं नीट ऐक. टायर काही जादू नव्हे. काचेसारख्या बर्फावर हेही घसरतात, कमी घसरतात इतकंच. तेव्हा सकाळी रस्ता मी बघणार. तू नाही, मी. जाण्यासारखा नसला तर मीच तुला तसं सांगेन आणि हॉस्पिटलची मोठी गाडी मागवेन. पण वार चुकवायचा नाही. एकही.

एफी : आणि त्या दिवशी तू काय करशील? खिडकीत बसशील?

टॉर्किल : तुझ्याबरोबर येईन. सोबतीला एकाला बसू देतात.

एफी : तू. दुसऱ्याच्या गाडीत. मागे.

टॉर्किल : हो.

एफी : ड्रायव्हरला शिकवणार नाहीस?

टॉर्किल : नाही. म्हणजे, फार नाही.

एफी : मग खिडकीकडची जागा माझी.