सहाव्या मशीनचा दिवा

जळणं काय असते, ते मले विचारा. मी नेर गावाले राह्यतो अन् दिनेश पुसदले, दोघंही घरूनच एका कंपनीचं काम करतो. बँकेच्या सहा मेनफ्रेम मशीना, म्हणजे बँकेचा सारा हिशेब चालवणारे मोठाले कॉम्प्युटर, एकमेकीले जोडलेल्या आहेत, त्यायच्यावर नजर ठेवाची. दहा वर्षांपासून मी एकच मशीन पाहून राह्यलो, अन् काल आलेल्या दिनेशले साहेबानं सहाही देल्या!

त्याचा सहा दिव्यायचा मोठा स्क्रीन मलेबी माह्या कॉम्प्युटरवर दिसे; मशीन अडकली का तिचा दिवा लाल होये. म्हटलं, एक तरी दिवा लाल होऊ दे, लगेच साहेबाले सांगतो. तासभर त्या पाच दिव्यायकडे डोळे लावून बसलो. सहावा माह्याच मशीनचा, तो कायले पाहू?

तेवढ्यात दिनेशचा फोन आला. "दादा, तुमचीच मशीन अडकली नं! वीस मिनिटं झाले."

मीटिंगमंदी साहेबानं विचारलं, "पहिले कोणाच्या ध्यानात आलं?"

मी तोंड उघडाच्या आधीच दिनेश म्हणे, "दादाच्या. त्यायनंच मले फोन केला."

बायको म्हणे, "वाचवलं नं त्यानं तुमाले? आता तरी जळू नका."

कसा नाही जळू? पहिले नुसता त्याचा स्क्रीन मोठा होता, आता मनबी मोठं निघालं!