पंखा बंद होता

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील पाहुणे, आज ज्यांच्यासाठी हे सभागृह भरलं आहे त्या आमच्या बाई, ध्वनिविभागातले सहकारी आणि अगदी मागच्या रांगेपर्यंतचे विद्यार्थी, सर्वांना माझा नमस्कार.

आटोपशीर बोल, असं मला बजावलं आहे. प्रयत्न करते.

मी अडखळत बोलणाऱ्या मुलांना शिकवते. आवाज कानाने ओळखायची सवय होतीच. तो सॉफ्टवेअरवर मोजायला शिकले ते मात्र इथे, चाळिशी ओलांडल्यावर. माउस धरला की तळहाताला घाम यायचा. बाईंची एक रीत होती. दरवर्षी वर्ग सुरू होताना त्या माइकसमोर बसून एक लांब ‘आ’ म्हणायच्या आणि नव्या विद्यार्थ्यांनी त्यावर हात बसवायचा. निरोगी आवाजाच्या लहरी पडद्यावर जवळजवळ एकाच उंचीच्या दिसतात, कुंपणाच्या गजांसारख्या. बाईंचे जुन्या वर्षांचे ‘आ’ मला नीट मोजता आले. मी शिकायला आले त्या वर्षीचा मात्र काही केल्या जमेना. गज खाली-वर.

"बाई, माझं चुकतंय का?"

"चुकतंय. पुन्हा कर."

पुन्हा केलं. पुन्हा तेच.

आमचे रेकॉर्डिंगवाले काका खो खो हसले. "बाईंच्या आवाजात खोट काढताय? उद्या म्हणाल, भिंतच वाकडी आहे!"

बाईही हसल्या. "माइक लांब राहिला असेल. नाहीतर पंखा चालू असेल."

काकांचं हसू मावळलं. "नाही हो बाई. पंखा मीच बंद केला होता."

तुम्हीच सांगा, अशा वेळी विद्यार्थिनीने काय करावं? चूक आपलीच म्हणून गप्प बसणं किती सोयीचं होतं! पण बाईंनीच शिकवलं होतं, नुसत्या पडद्यावर भिस्त ठेवू नका, नुसत्या कानावरही नको. दोघांचं एकमत होईपर्यंत थांबा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या वर्षांचे ‘आ’ एकत्र केले, क्रम मोडला आणि माझ्यासमोरचा पडदा झाकला. "वेगळा वाटेल तो सांग. नुसत्या कानाने."

काका एकेक वाजवू लागले. सगळे सारखेच ऐकू येऊ देत, असं मी मनात म्हणत होते. आणि एका ‘आ’च्या शेवटी, श्वास संपता संपता, आवाजाला बारीकशी खरखर लागली. कापडावरून नख फिरावं तशी.

"हा," मी म्हणाले.

काकांनी फाइलचं नाव पाहिलं. मग बाईंकडे पाहिलं.

बाई उठल्या, पर्स खांद्याला लावली. "आजचा वर्ग तू घे," एवढंच म्हणाल्या आणि डॉक्टरकडे गेल्या.

स्वरतंतूवर गाठ होती. वेळेत सापडली, निघाली. पण आवाज कसा परतेल, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही. तेव्हापासून बाई आमच्याशी खुणांनी बोलताहेत. खुणांनीही रागावता येतं, हे त्यांनी सिद्ध केलं आहे. काकांना विचारा!

मी लांबण लावते आहे, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. अध्यक्ष महोदय दोनदा घड्याळाकडे पाहून झाले. कारण सांगते. डॉक्टरांनी बाईंना आज मोजकी वाक्यं बोलायची परवानगी दिली आहे, आणि माझ्यानंतर त्या बोलणार आहेत. जो कान त्यांनीच घडवला, त्याच कानाने तो आवाज ऐकायची मला भीती वाटते आहे. काल फोनवर मी म्हटलं, "बाई, भाषण नाही केलंत तरी चालेल." पलीकडून फोनवर बोटाने टकटक झाली. एकदाच. एकदा म्हणजे नाही.

संयोजकांनी मला ही संधी दिली, तुम्ही शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात काही कमी-जास्त झालं असेल तर पदरात घ्या. आणि माझा आवाज कापला असेल, तर कृपा करून तो कुणी मोजू नका.

बाई, माइक जवळ ओढून ठेवला आहे.

काका, पंखे बंद करा.