अरबाबच्या रायफलची नळी

जुलेखा : म्हणून म्हणते भाई, तू ती नळी मागवूच नकोस. रायफल तयार झाली नाही तर ह्यांचा मालक, अरबाब, शिकारीला जाणार कसा? आणि तो गेला नाही तर हे पण जाणार नाहीत.

इद्रीस : आधी बस. अब्राच्या होडीतून उतरून पळत आलीस की काय? घामाने भिजलीस.

जुलेखा : बसायला वेळ नाही. हे मागून येतायत. अरबाबने ह्यांना तुझ्याच दुकानात पाठवलंय, आजच्या आज विलायतेची ऑर्डर लिहून घ्यायला. उद्या टपालाचं जहाज सुटतं म्हणे.

इद्रीस : मी नाही मागवली तर बहरीनचा कोणी मागवील. आणि तो कशी बसवील कुणाला ठाऊक. कच्ची बसलेली नळी तोंडाजवळ फुटते जुलेखा. मग शिकारीपर्यंत जायची पण गरज नाही.

जुलेखा : तुला बंदुकीचं पडलंय. आपला जमाल ह्याच माणसाच्या शिकारीत गेला. टांगानिकात कुठल्या गावात पुरला ते अम्मीला अजून नीट समजत नाही, आफ्रिका म्हटलं की ती मुंबईच्या पुढे कुठेतरी हात करते. एक भाऊ दिला. आता नवरा पण देऊ?

इद्रीस : जमाल मला काय परका होता? त्याला आणि लियाकतला मीच बोलावलं इथे. खोर फक्कानला लाँचमधून कमरेएवढ्या पाण्यात उतरले, तेव्हा किनाऱ्यावर पाणी आणि खजूर घेऊन मीच उभा होतो. तुझ्या नवऱ्याच्या अंगात ताप होता. जमालने त्याला पाठीवर घेतलेला.

जुलेखा : मग काहीतरी कर. अम्मी तिकडे हर्णैला, मी इथे. तुझ्याशिवाय मी कुणाकडे जाऊ?

लियाकत : सलाम आलेकुम, इद्रीसभाई. जुलेखा, तू इथे?

जुलेखा : माझ्या भावाचं दुकान आहे.

लियाकत : मी कुठे नाही म्हटलं. इद्रीसभाई, अरबाबचा निरोप आहे. मॉझर रायफलची बॉडी तुमच्याकडे पडलीच आहे, तिला फोर फिफ्टी एटची नळी मागवा. त्याहून मोठी मिळत असेल तर ती.

इद्रीस : करंगळीएवढी जाड गोळी असते ती. हत्तीला मारतात त्याने.

लियाकत : मग ठीकच आहे. मागच्या वर्षी चुलतभावाची थ्री सेव्हन्टी फाईव्ह नेली होती. गोळी बारीक, म्हणून रानरेडा पडला नाही. पडला असता तर आज जमाल ह्या बाकावर बसला असता.

इद्रीस : असं अरबाब म्हणतो की तू?

लियाकत : दोघं. मी पाहिलंय ना. मला पण मोठीच पाहिजे. परत तसं नको.

इद्रीस : लियाकत, तो दिवस मला नीट सांग. मयताच्या घरात कोणी असं विचारत नाही, मी पण विचारलं नाही. आज नळीसाठी विचारतोय.

लियाकत : जुलेखा, तू जरा बाहेर बस.

जुलेखा : नाही. मला पण ऐकायचंय.

लियाकत : काय सांगू. अरबाबच्या चुलतभावाची नारळाची बाग आहे तिकडे. माती लाल, आपल्यासारखीच. जमाल म्हणाला, घरी आल्यासारखं वाटतं. गोरा शिकारी बरोबर घ्या असं सगळे सांगत होते, अरबाबने ऐकलं नाही. सकाळी निघालो. पुढे तिथला वाटाड्या, मग अरबाब, त्याच्या बाजूला जमाल, मागे मी. रेडा गवतात आडवा उभा होता. इथून समोरच्या मशिदीचं दार आहे ना, तेवढा लांब. आमच्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. अरबाबने रायफल उचलली, बार झाला. रेडा हलला आणि गवतात गेला. बस. अरबाब म्हणाला, लागली, यल्ला, चला. वाटाड्या नको नको करत होता. त्याची भाषा आम्हाला येत नव्हती, पण हात सगळं सांगत होते. तरी गेलो.

जुलेखा : जमाल काही म्हणाला?

लियाकत : म्हणाला, आज रात्री मटण, तू पकवायचं. हसत होता. मग रेडा बाजूने आला. पुढून नाही, बाजूने. अरबाबने दुसरा बार काढला की नाही, मला आठवत नाही. जमाल मधे होता. खलास.

जुलेखा : एवढंच?

लियाकत : एवढंच होतं. फार वेळ नाही लागला. अम्मीला सांग, फार वेळ नाही लागला.

इद्रीस : पहिली गोळी रेड्याला लागली कुठे?

लियाकत : दुसऱ्या दिवशी गावकऱ्यांना तो नदीजवळ मेलेला मिळाला. मी गेलो बघायला. मला ते जनावर बघायचंच होतं. भोक पोटाला होतं. मागच्या मांडीच्या जरा पुढे.

इद्रीस : आडवा उभा असलेला रेडा. मशिदीच्या दाराएवढा लांब. आणि गोळी पोटात. मारायची कुठे असते? पुढच्या खांद्याच्या मागे. तिथून हातभर चुकली ती.

लियाकत : हे आजवर मला कोणी विचारलंच नाही.

इद्रीस : बार काढताना अरबाबचं तोंड कुठे होतं? तू मागे होतास. आठवून सांग.

लियाकत : डावीकडे. त्याचा डावा गाल मला सगळा दिसला. डोळे... डोळे मिटलेले होते, इद्रीसभाई.

इद्रीस : घोड्यावरून पडला तेव्हा त्याच्या गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. ते वेडंवाकडं जुळलंय, आणि रायफलचा लाकडी दस्ता नेमका तिथेच टेकतो. मागच्या महिन्यात रास अल खोरच्या चिखलापलीकडे मी त्याला एक मोठी रायफल चालवायला दिली, कुणाची तरी मागून आणलेली. रॉकेलचा डबा ठेवला होता समोर. सगळ्या गोळ्या वाळूत. बार व्हायच्या आधीच तो अंग चोरतो, धक्क्याला घाबरून. मला वाटलं, हत्यार नवीन आहे, होईल सवय.

लियाकत : म्हणजे मोठी नळी मागवली तर?

इद्रीस : मोठ्या नळीचा धक्का आणखी मोठा. तो आणखी घाबरेल. करंगळीएवढी गोळी पोटात गेली तरी रेडा तसाच उठून येईल.

लियाकत : मग बारीक लिहा. थ्री सेव्हन्टी फाईव्ह लिहा, मी सांगतो अरबाबला काहीतरी.

इद्रीस : बारीक असतानाच त्याने तोंड फिरवलं ना?

लियाकत : मग लिहायचं काय?

इद्रीस : तेच मला समजत नाही. कागद समोर आहे, पेन आहे. डोळे मिटणाऱ्या माणसाला लागू पडेल अशी नळी कुठल्याच कारखान्यात बनत नाही.

जुलेखा : म्हणजे दोन्हीपैकी काही लिहिलं तरी ह्यांना रेड्यासमोर उभं करायचं. हेच ना? मग अरबाबला सांगा. दोघं जा आणि तोंडावर सांगा की तुम्ही डोळे मिटता, तुम्ही जाऊ नका.

लियाकत : मी नाही सांगू शकत. जुलेखा, जमालला अरबाबने स्वतःच्या हाताने गुसल दिला, शेवटची अंघोळ घातली. त्या गावात आमचं कोणी नव्हतं. त्याने बाह्या वर केल्या आणि दिला. रडत होता. त्या माणसाला मी कुठल्या तोंडाने म्हणू की तुझ्यामुळे गेला?

जुलेखा : भाई, तू?

इद्रीस : हे दुकान त्याच्या नावावर आहे. मी इथे राहतो ते त्याच्या सहीवर. मला शुक्रवारी बोटीत बसवील. आणि खरं सांगू, एवढंच नाही. अरबाबला त्याच्या मजलिसमध्ये, चार माणसांत, डरपोक म्हणायची माझी छाती नाही.

जुलेखा : ठीक आहे. तुम्ही दोघं बसा इथे. कागदावर काही लिहू नका. शहरबानूखानमच्या घरी माझं येणं-जाणं आहे. मी जाते.

लियाकत : अरबाबच्या बायकोकडे? जाऊन काय बोलणार?

जुलेखा : जे आत्ता ऐकलं ते.

(पुढच्या जुम्म्याला, नमाजनंतर. तेच दुकान.)

इद्रीस : टपालाचं जहाज गेलं. मी काही पाठवलं नाही. अरबाबचा माणूस पण आला नाही विचारायला. काल झोप नाही लागली. वाटलं, आता बोलावणं येईल, मग येईल. काय झालं तिथे, एकदा सांग तरी.

जुलेखा : खानम समुद्रापलीकडच्या लिंगेहच्या आहेत, अरबी-हिंदी मिळून बोलतात. त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. मला वाटलं, हाकलतील. मग म्हणाल्या, आफ्रिकेतून आल्यापासून हे झोपेत उठून बसतात. दिवा लाव म्हणतात. मी विचारलं तर सांगत नाहीत. मग त्यांनी अरबाबला आतून बोलावणं पाठवलं. तो पडद्याच्या पलीकडे आला, मी अलीकडे.

इद्रीस : तू बोललीस त्याच्याशी?

जुलेखा : बोलले. म्हटलं, अरबाब, तुम्ही डोळे मिटलेत म्हणून माझा भाऊ गेला. त्याला तुम्ही आपल्या हाताने धुतलंत, अल्ला तुमचं भलं करो. पण आता माझ्या नवऱ्याला नेऊ नका. मग म्हणाला, सच है, बहन.

इद्रीस : असं म्हणाला?

जुलेखा : तेवढंच आधी. मग सांगायला लागला. सूकच्या बाजारात लोक मागे बोलतात म्हणे, माणूस गमावून परत आला. मुलं पण ऐकतात. एकदा तरी नीट रेडा मारून आणला नाही तर त्याला बाजारात तोंड दाखवता येत नाही. मी म्हटलं, तुमचं तोंड आहे आणि माझं सगळं घर आहे. त्यावर तो निघून गेला. खानमनी माझा हात धरून ठेवला होता. भाई, मला वाटतं तो जाणार नाही. हे आज सकाळी त्याच्याकडे गेले होते, अजून काही बोलले नाहीत. ते बघ, आले.

इद्रीस : लियाकत, बस. काय म्हणाला?

लियाकत : मला आत बसवलं, शेजारी. आजवर कधी बसवलं नव्हतं. म्हणाला, तुझ्या बायकोने जे सांगितलं ते मी स्वतःला सुद्धा सांगितलं नव्हतं. मग म्हणाला, चुलतभावाची ती बारीक रायफल माझ्याकडेच आहे, तीच चालवीन. इद्रीसबरोबर रास अल खोरला रोज जाईन. डोळे उघडे ठेवून डब्याला लागायला लागली तर जाऊ. नाही लागली तर नाही जाणार, वल्ला. आणि नवीन रायफल, मोठ्या नळीची, ती माझ्यासाठी नको. ती तुझ्या मापाची करून घे, म्हणाला.

इद्रीस : तुझ्या?

लियाकत : त्या दिवशी जमालच्या हातात पाण्याची पिशवी होती, माझ्या हातात काठी. अरबाब म्हणाला, माझ्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाला मी काहीच दिलं नव्हतं. पुन्हा रेडा आला तर त्याला थांबवणारं हत्यार माझ्या शेजारच्याकडे पाहिजे. मग म्हणाला, तुला यायचं नसेल तर नको येऊ. नोकरी जाणार नाही.

जुलेखा : मग तुम्ही नाही म्हणालात.

लियाकत : हो म्हणालो.

जुलेखा : मी परक्या माणसाशी पडद्याआडून भांडले ते ह्याच्यासाठी? त्याने दार उघडून दिलं आणि तुम्ही आत जाऊन बसलात?

लियाकत : मी गेलो नाही तर तो पीरबख्शला नेईल. तो बलुच, गोदामातला. त्याने आयुष्यात बंदूक हातात धरलेली नाही. त्याची बायको तिकडे ग्वादरला. ती कुठल्या पडद्यामागे जाऊन बोलणार?

जुलेखा : तिची काळजी तुम्हाला आणि माझी?

लियाकत : तुझी आहे म्हणून तर इतके दिवस गप्प होतो. जुलेखा, रेडा बाजूने आला ना, तेव्हा मी हातातली काठी उचलली होती. रेड्यावर. मी रोज रात्री ती काठी उचलतो. इथे बसून ती हातातून सुटणार नाही माझ्या.

जुलेखा : भाई, तू तरी बोल ह्यांना.

इद्रीस : काय बोलू. तू पडद्याजवळ गेलीस तेव्हा मी हे स्टूल सोडून उठलो नव्हतो.

जुलेखा : मग एवढं तरी सांग. मोठी गोळी ह्यांच्या हातात असली तर अंगावर येणारा रेडा थांबतो?

इद्रीस : नीट लागली तर थांबतो.

जुलेखा : आणि नाही लागली तर?

इद्रीस : तुला खोटं नाही सांगणार. दस्ता माणसाच्या मापाचा असला की रायफल खांद्याला आपोआप बसते, घाईतसुद्धा. धक्का पण कमी जाणवतो. ह्याला मी सवय लावीन, अरबाबच्या आधी ह्याला. तेवढं माझ्या हातात आहे. पुढचं नाही.

लियाकत : ऑर्डर लिहा इद्रीसभाई. पुढच्या टपालाने जाऊ द्या.

इद्रीस : लिहितो. फोर फिफ्टी एट. नळी अरबाबने मागितली तीच जाते. दस्त्याचं माप मात्र आज घेऊन ठेवू, लाकूड कापायला वेळ लागतो. कोट काढ. हात समोर धर, असा. अंग सैल सोड.

जुलेखा : ह्यांना सरळ उभं करून माप घेतलंस तर चुकेल, भाई.

इद्रीस : का?

जुलेखा : ह्यांचा उजवा खांदा बोटभर खाली आहे. बंदराच्या धक्क्यावर पोती उचलून झालाय. ह्यांचे सदरे मी शिवते, मला माहीत आहे. आण ती टेप, मी धरते.