द्वारका ते मंडी हाऊस

पद्मजा: नाही, आधी मला हे सांगा, हा कागद माझ्या टेबलावर ठेवलात तेव्हा तुमचं डोकं ठिकाणावर होतं का?

श्याम: नेहमीच्या कागदांत गेला गं तो. चुकून.

पद्मजा: चुकून. बावीस वर्षं मी तुमचं सरकारी हिंदी दुरुस्त करतेय. हाही कागद उचलला, लाल पेन घेतलं, मात्रा सुधारत बसले. तिसऱ्या ओळीला कळलं की नवरा मुदतीआधी निवृत्ती मागतोय. तोवर दोन चुका काढूनही झाल्या होत्या.

(दिल्लीच्या द्वारका भागातल्या एका सोसायटीतलं घर, रविवारची दुपार. पद्मजा एका मंत्रालयात अनुवादक, श्याम दुसऱ्या मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. तो मटार सोलतोय, निदान तसं दाखवतोय. कॉलेजात जाणारी मुलगी अनुष्का मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसली आहे, पण कान इकडेच आहेत. पद्मजाला राग आलाय. रागाखाली भीती आहे, ती मात्र तिला कबूल नाही.)

श्याम: अजून दिलेला नाही. नुसता मसुदा आहे.

पद्मजा: असला मसुदा बायकोशी बोलून करायचा असतो. बावन्न वय. हिचं दुसरं वर्ष चालू आहे. आणि कारण काय लिहिलंय, तर 'व्यक्तिगत'. एवढं काय व्यक्तिगत आहे, जे मला ठाऊक नाही?

श्याम: थकलोय, पद्मजा.

पद्मजा: कशाने? साडेसहाला डबा घेऊन निघता, त्या पोळ्या मी पाचला उठून लाटते. मंडी हाऊसला नऊचं ऑफिस, मेट्रोने तासाभराचा रस्ता. इतक्या आधी जाऊन करता काय, कुलूप उघडता? आणि वर उशिरा पोचल्याबद्दल मेमो. तोही त्याच कागदांत सापडला. साडेसहाला निघालेला माणूस नऊला पोचत नाही, हे गणित मला काही सुटेना.

श्याम: गर्दी असते.

पद्मजा: गर्दी सगळ्यांनाच असते. थापा तरी नीट मारा.

अनुष्का: आई, बस ना यार.

पद्मजा: तू मध्ये पडू नकोस.

अनुष्का: पडावंच लागेल. बाबा, सॉरी हां. मी तुम्हाला बघितलं होतं. राजौरी गार्डनला, प्लॅटफॉर्मवर.

श्याम: केव्हा?

अनुष्का: दिवाळीच्या आधी. मी क्लास बंक करून अवनीकडे चालले होते, म्हणून पिलरमागे लपले. बाबा बेंचवर बसले होते, बॅग अशी घट्ट धरून. एक मेट्रो आली, गेली. दुसरी आली, गेली. तिसरीत चढले. आई, ते घरातून माझ्या सव्वा तास आधी निघाले होते.

पद्मजा: आणि हे तू मला आज सांगतेस?

अनुष्का: सांगितलं असतं तर माझा बंक पण निघाला असता ना. आणि मला वाटलं, कुणाला भेटायला थांबलेत. कुणी बाई वगैरे. म्हणून बघत राहिले. कोणीच नाही आलं.

पद्मजा: अहो, ही काय म्हणतेय?

श्याम: खरं आहे.

पद्मजा: पुढे बोला. आज मी इथून हलणार नाही.

श्याम: तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आर. के. आश्रमच्या पुढे गाडी जमिनीखाली जाते ना, तिथे ती थांबली. चार-पाच मिनिटंच. मला वाटलं, संपलं सगळं. छातीत धडधड, हात गार, श्वास येईना. राजीव चौकला उतरलो आणि सरळ हॉस्पिटल गाठलं. ईसीजी नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, हे भीतीचं आहे. गोळ्या दिल्या. म्हणाले, कुणाशी तरी बोला.

पद्मजा: मग बोललात कुणाशी?

श्याम: त्यांच्याशीच. महिन्यातून एकदा जातो.

पद्मजा: म्हणजे अख्ख्या दिल्लीत मी सोडून.

श्याम: तेव्हा तुझ्या आईंचं दुखणं चाललं होतं. मग त्या गेल्या. मग इतका उशीर झाला की सांगायचीच लाज वाटायला लागली.

पद्मजा: तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, आणि इथे दाबणारेही तुम्हीच. बसने जायचं होतं.

श्याम: मेट्रो एकदा सोडली असती तर पुन्हा चढलो नसतो. हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून चढायचं, दार बंद झालं की पुढचं स्टेशन येईपर्यंत स्वतःला धरून ठेवायचं, उतरून दम खायचा, पुढची गाडी घ्यायची. सुरुवातीला प्रत्येक स्टेशनला उतरायचो. वीस-बावीस वेळा. म्हणून साडेसहा.

पद्मजा: रोज?

श्याम: रोज. होता होता पाच-सहावर आलो होतो. गेल्या महिन्यात पुन्हा वाढलं. तीनदा उशीर झाला, मेमो आला. एवढ्या नोकरीत पहिला. तो हातात घेतला आणि वाटलं, पुरे झालं.

पद्मजा: आणि मी इतकी वर्षं शेजारच्या हेमलताला सांगतेय की माझा नवरा घरकाम चुकवायला पहाटे पळतो. तुमच्यासमोर सांगितलंय. तुम्ही हसलात.

श्याम: लोकांनी तेच समजावं, असं वाटायचं.

पद्मजा: तुमचा इतका संताप आलाय मला. रडूही येतंय, आणि रडू येतंय म्हणून आणखी संताप येतोय.

अनुष्का: आई, पाणी देऊ?

पद्मजा: नको. अहो, हे पत्र उद्या देणार होतात?

श्याम: हो.

पद्मजा: देऊच नका असं मी म्हणणार नाही. जीव जाळून नोकरी करा असं कोण म्हणेल. पण उद्या नका देऊ. उद्या मी येते तुमच्याबरोबर.

श्याम: तुला ऑफिसला उशीर होईल.

पद्मजा: होऊ दे. तुम्ही उतराल तिथे उतरेन, चढाल तिथे चढेन.

श्याम: एक आहे पण.

पद्मजा: काय?

श्याम: कुणी विचारलं ना, काय होतंय, बरं वाटतंय का, की जास्त होतं. बोलायचं नाही. अख्खा रस्ता.

अनुष्का: आई, आणि दोन-अडीच तास चुप? बाबा, इम्पॉसिबल.

श्याम: अनुष्का, थांब.

पद्मजा: नाही बोलणार.